लाल किरण उपचार केंद्र

“खाटा किती?”

“खाटा नाहीत. खुर्च्या आहेत.”

“खुर्च्या मी विचारल्याच नाहीत. खाटा किती?”

“अहो, खाट एकही नाही. माणूस खुर्चीवर बसतो, पायावर लाल दिवा लावतात, वीस मिनिटांनी उठून घरी जातो.”

नगरपालिकेच्या आरोग्य खात्यातल्या त्या कारकुनानं पेनाला टोपण घातलं. “मग ते आमच्यात येत नाही. खाट असली तर आमचा संबंध. खाट नाही, संबंध नाही.”

“मग कुणाचा संबंध आहे?”

“ते आम्ही कसं सांगणार?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, “उद्या कुणी खुर्चीवर बसवून माणसाचं डोकं उडवलं, तरी तुमचा संबंध नाही?”

“डोकं उडवलं तर पोलीस स्टेशन,” तो शांतपणे म्हणाला आणि चहाला गेला.

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. त्या दिवशी मंगळवार होता, आणि माझ्या हातात पुढच्या सोमवारपर्यंतचाच वेळ होता.

आदल्याच दिवशी डॉक्टर निगडेंनी इंदूचा डावा पाय मांडीवर घेऊन बराच वेळ बघितला होता. इंदू म्हणजे माझी बायको. साखरेचा आजार पंधरा वर्षांचा, त्यात पायांची जाणीव गेलेली. चप्पल निसटली तरी हिला चार पावलं पुढं गेल्यावर कळायचं. जोडवं घासून अंगठ्याशेजारच्या बोटाला जखम झाली, ती तिला कळलीच नाही. पायपुसण्यावर रक्त दिसलं म्हणून मला कळली. आता त्या बोटाचं टोक काळं पडलं होतं.

“आठ दिवस गोळ्या देतो,” डॉक्टर म्हणाले. “सोमवारी बघू. उतार पडला नाही तर बोट काढावं लागेल. ठेवून बसलो तर पाय जाईल.”

“कुठलं बोट?” इंदूनं विचारलं, जणू दहाही बोटं काळी पडली होती.

“हेच.”

“हे जोडव्याचं बोट आहे, डॉक्टर.”

“असू दे.”

“असू दे कसं? हे काय, शेजारी बसलेत धडधाकट.” तिनं माझ्याकडे हात केला. “नवरा जिवंत असताना जोडव्याचं बोट काढायचं?”

डॉक्टर हसले नाहीत. मीही नाही. घरी आल्यावर ती दारातच थांबून म्हणाली, “शेजारच्या मुल्लाणी भाभींचा गुडघा लाल दिव्यानं बरा झालाय.”

“कसला लाल दिवा?”

“लाल किरणं सोडतात. रक्त खेळतं म्हणे त्यानं. गावात दोन-तीन ठिकाणी आहे. आठ दिवस नुसती बसून काय करू? करून बघते.”

“कोण सोडतं किरणं? डॉक्टर आहे का तो? परवानगी कुणाची आहे?”

“मला काय माहीत! भाभी जिना चढायला लागल्यात, एवढं माहीत आहे.”

“मी चौकशी करतो,” मी म्हटलं. “कागद बघितल्याशिवाय तिथं पाय ठेवायचा नाही.”

“पाय ठेवायचा नाही,” ती म्हणाली. “मग ठेवायचा कुठं, तेवढं सांगा.”

माझा स्वभाव घरात सगळ्यांना ठाऊक. गॅसवाला आला तरी मी त्याच्याकडे ओळखपत्र मागायचो. एकतीस वर्षं दुकान निरीक्षक म्हणून नोकरी केली. कुठलं दुकान नोंदलंय, कुठलं नाही, किती वाजता उघडतं, आठवड्याची सुट्टी पाळतं का, पाटी मराठीत आहे का, हे बघायचं आमचं काम. पाट्यांच्या बाबतीत तर मी बदनामच होतो. बाजारपेठेत शिरलो की दुकानदार इंग्रजी पाटीवर चादर टाकायचे. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण खोड गेली नव्हती. कागद असला की गोष्ट खरी, अशी माझी पक्की समजूत.

आधी हे दिवे शोधले. एक निघाला ब्यूटी पार्लरमध्ये. तिथली बाई म्हणाली, “काका, आमचा दिवा केसांसाठी आहे,” आणि माझ्या टकलाकडे असं बघितलं की मी तिथनं पळ काढला. दुसरा व्यायामशाळेत. तिथला पोरगेलासा मास्तर म्हणाला, “आम्ही मसलवाल्यांनाच देतो, आजीबाईंना नाही.” आजीबाई! तिसरा स्टँडच्या मागं, भाभी जायच्या तो. तिथं मात्र मी मुद्दाम गेलो नाही. म्हटलं, आधी वरून खातरजमा करायची, मग त्याच्याकडे जायचं. म्हणजे त्याला थाप मारता येणार नाही.

मंगळवारी नगरपालिकेत काय झालं ते सांगितलंच. बुधवारी सकाळच्या एसटीनं जिल्ह्याला गेलो. औषधांच्या परवान्याचं ऑफिस तिथं. दीड तास बाकावर बसवून ठेवलं. मग एका साहेबानं आत बोलावलं. माणूस सभ्य होता, पण त्याचा काय उपयोग?

“गोळी देतात का?”

“नाही.”

“इंजेक्शन? मलम?”

“काही नाही. दिवा लावतात.”

“दिवा,” त्यानं वहीत लिहिल्यासारखं केलं. “मशीनवर कंपनीचं नाव आहे?”

“मी अजून बघितलेलं नाही.”

“बघून या. यादीतलं मशीन असेल तर आम्ही बघू. यादीत नसेल तर आमच्याकडे येत नाही.”

“यादी बघायला मिळेल?”

“यादी वरून यायची आहे.”

सरकारी काम आणि सहा महिने थांब! हे मी स्वतः शंभर लोकांना हसत हसत ऐकवलं होतं. त्या दिवशी हसू आलं नाही. माझ्याकडे सहा महिने नव्हते, पाच दिवस होते. परतीच्या एसटीत शेजारच्या माणसानं वेळ विचारली, त्याच्यावरही खेकसलो.

संध्याकाळी घरी आलो तर इंदू पलंगावर पाय पसरून शेंगा फोडत बसली होती.

“काय म्हणाले?” तिनं विचारलं.

“यादी आलेली नाही.”

“आणि बोट?”

“बोटाचं त्यांना काय! इंदू, दोन दिवस दम धर. मी उद्या डॉक्टरांच्या कौन्सिलला फोन करतो.”

“धरते,” ती म्हणाली आणि शेंगांची ताटली माझ्याकडे सरकवली.

गुरुवारी सकाळपासून फोन लावत बसलो. अकराव्या खेपेला एका बाईंनी उचलला.

“तक्रार करायची आहे का?”

“तक्रार नाही, चौकशी. लाल दिव्याचे उपचार करणाऱ्याला परवाना लागतो का?”

“ते डॉक्टर आहेत का?”

“मला वाटतं, नाहीत.”

“मग आमच्याकडे येत नाही. डॉक्टर असते तर आम्ही कारवाई केली असती.”

“म्हणजे डॉक्टरनं चूक केली तर शिक्षा, आणि डॉक्टर नसलेल्यानं केली तर सुटला?”

“सर, मी फक्त फोन घेते,” बाई म्हणाल्या. त्यांचंही खरंच होतं.

एवढ्या सगळ्यांना विचारलं, पण आमच्या डॉक्टर निगडेंना एक फोन करावा हे काही मला सुचलं नाही. दोन गल्ल्या सोडून त्यांचा दवाखाना. पण ते तोंडी सांगणार. मला कागद हवा होता.

शुक्रवारी वैतागून शेवटी स्टँडच्या मागं गेलो. म्हटलं, मरू देत ती ऑफिसं, त्याच्याचकडे कागद मागतो. नसला तर इंदूला ठणकावून नाही सांगता येईल, असला तर सोमवारपर्यंतचे तीन दिवस तरी मिळतील. लांबूनच पाटी दिसली. ‘लाल किरण उपचार केंद्र’. खाली बारीक अक्षरांत ‘सरकारमान्य’. पाटी बघून मला बरंच वाटलं. शुद्ध मराठी, ठसठशीत अक्षरं, काना-मात्रेची चूक नाही. सरकारमान्य हा शब्द मात्र खटकला. आपल्याकडे सरकारमान्य म्हटलं की देशी दारूचं दुकानच आठवतं.

आत चार खुर्च्या होत्या. तीन रिकाम्या, एकीवर एक म्हातारे गृहस्थ पाठीवर लाल उजेड घेत डुलक्या काढत होते. काउंटरमागचा पस्तिशीचा माणूस मला बघून ताडकन उभा राहिला.

“आवटी साहेब! या, या. ओळखलं नाहीत? मी सचिन मगदूम. आधी पाण्याची फिल्टरं विकायचो.”

“ओळखलं नाही,” मी म्हटलं. “मला तुमची मान्यता बघायची आहे. सरकारमान्य लिहिलंय बाहेर. कुठल्या सरकारनं मान्य केलंय?”

तो हसला. मला वाटलं होतं, चाचरेल, पाय धरेल. हा हसला आणि भिंतीवरची फ्रेम खूण करून दाखवली.

मी चष्मा लावला. वर राजमुद्रा, खाली दुकान नोंदणीचा नंबर, आस्थापनेचं नाव, मालकाचं नाव. तीन वर्षांपूर्वीची तारीख. आणि सगळ्यात खाली, निळ्या शाईत, भा. रा. आवटी.

“ही दुकानाची नोंदणी आहे,” मी म्हटलं. “भेळेच्या दुकानालाही हीच मिळते. याचा उपचाराशी काय संबंध?”

“आता ते मला काय माहीत, साहेब! मी बोर्ड लावला होता ‘रेड लाइट वेलनेस’. तुम्ही येऊन सांगितलंत, मराठीत कर, नाहीतर खटला भरतो. मी विचारलं, रेड लाइट म्हणजे लाल दिवा लिहू का? तुम्ही म्हणालात, लाल दिवा लिहिलंस तर भलत्याच गिऱ्हाइकांची रांग लागेल, किरण लिही.”

म्हातारे गृहस्थ डोळे न उघडता हसले.

“आणि वेलनेस?” मी विचारलं. खरं तर मला आठवायला लागलं होतं.

“वेलनेसला मराठीत काय म्हणायचं ते मला येईना. तुम्हीच अर्जाच्या मागं लिहून दिलंत. लाल किरण उपचार केंद्र. मी म्हटलं पण, साहेब, उपचार जरा जास्त होतंय का? तर तुम्ही म्हणालात, शब्द चांगला आहे, लाव.” त्यानं हात जोडले. “खोटं नाही सांगत, त्या शब्दानं माझा धंदा उभा राहिला. वेलनेस म्हणत होतो तोवर कुत्रं फिरकत नव्हतं. उपचार म्हटल्यावर पेशंट यायला लागले.”

“आणि सरकारमान्य?”

“ते पेंटरनं टाकलं. त्यानं राजमुद्रा बघितली ना.”

मला त्याच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. पण कुणाच्या द्यायच्या? आपलेच दात, आपलेच ओठ. मी निघायला वळलो, तेवढ्यात तो म्हणाला, “वहिनींना म्हणावं, उद्या जरा लवकर या. शनिवारी गर्दी असते.”

“कुठल्या वहिनी?”

“तुमच्याच की. बुधवारपासून येतात, मुल्लाणी भाभींबरोबर. आधी दारातच उभ्या होत्या, आत यायला तयार नव्हत्या. म्हणाल्या, ह्यांनी कागद बघितल्याशिवाय पाय ठेवायचा नाही असं सांगितलंय. मग मी ही फ्रेम दाखवली. त्यांनी सही बघितली आणि म्हणाल्या, ही तर ह्यांचीच सही. आणि बसल्या.”

“किती वेळ लावलात दिवा? किती लांबून?”

“सगळ्यांना लावतो तसाच, वीतभर लांबून. चटका बसतो का म्हणून विचारलंही. त्या म्हणाल्या, काहीच वाटत नाही. पोचत नसेल म्हणून मग मी जवळ घेतला. काल अजून थोडा जवळ.”

“अरे गाढवा,” मी ओरडलो, “तिच्या पायाला जाणीवच नाही!”

म्हातारे गृहस्थ दचकून उठले. मगदूमचं तोंड पांढरं पडलं. “ते त्यांनी सांगितलं नाही,” तो म्हणाला. “आणि मी तरी काय विचारणार, साहेब? मी डॉक्टर थोडाच आहे!”

रिक्षा मिळेना, चालतच घरी आलो. इंदू स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून भाजी निवडत होती. पायावरनं पातळ ओढून घेतलेलं.

“पाय दाखव,” मी म्हटलं.

“काय झालं?”

“पाय दाखव म्हणतो ना!”

तिनं पातळ वर केलं. पट्टी मी सोडली. काळं बोट तसंच होतं. त्याच्या शेजारची दोन बोटं आणि खालचा सगळा चवडा लालभडक झाला होता, आणि चवड्यावर पाण्यानं भरलेला फोड होता, चांगला पुरीएवढा. मी तिला दवाखान्यात न्यायला रिक्षा बोलावली.

“गुलाबी झालंय ना?” ती वाकून बघत म्हणाली. “बघा, रक्त खेळायला लागलं. आणि दुखत अजिबात नाही हो.”

डॉक्टर निगडे आयुष्यात मोठ्यानं बोलले नसतील, त्या दिवशी बोलले. “भाजलाय हा पाय! कुणी करायला सांगितलं हे?”

इंदूनं माझ्याकडे बघितलं नाही. “मीच केलं,” ती म्हणाली.

“आवटी, तुम्ही शिकलेसवरलेले. मला एकदा विचारायचं नाही? ज्या पायाला भाजलेलं कळत नाही, त्या पायाजवळ गरम काही न्यायचं नाही, हे मी पहिल्या मिनिटाला सांगितलं असतं.”

“मी चौकशी करत होतो,” मी म्हटलं.

सोमवार आलाच नाही. शनिवारी सकाळी तिला आत घेतलं. एक बोट जाणार होतं, तिथं तीन गेली, चवड्याचाही तुकडा गेला. पाय मात्र वाचला. डॉक्टर म्हणाले, नशीब.

तिला पहिल्यांदा खुर्चीत बसवलं त्या दिवशी मी माझ्या जुन्या ऑफिसात गेलो. माझ्या टेबलावर आता जाधव मॅडम होत्या, माझ्याच हाताखाली शिकलेल्या. त्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, ही नोंदणी रद्द करा. मी लेखी देतो, चूक माझी आहे.

त्यांनी फाइल काढली, उलटसुलट चाळली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते नाटक नव्हतं.

“साहेब, कुठल्या कलमाखाली करू? दुकान वेळेवर उघडतं. आठवड्याची सुट्टी पाळतं. पाटी मराठीत आहे.”

“माणसं भाजतात तिथं!”

“ते आपल्याकडे येत नाही, साहेब. तुम्हीच शिकवलंत ना मला.”

पोलिसांत अर्ज दिला, त्यांनी तो ठेवून घेतला. मगदूमनं मात्र आपणहून पेंटर बोलावून ‘सरकारमान्य’वर रंग मारला. ‘उपचार’ तसाच ठेवला. पुढं वर्ष-दीड वर्षानं त्यानं ते बंद करून मोबाइलची कव्हरं विकायला घेतली, तेव्हा ती पाटीसुद्धा उतरली.

ऑफिसातनं मी तसाच दवाखान्यात गेलो. इंदू उशीला टेकून बसली होती. पायाला एवढं मोठं बँडेज. भाभी डबा देऊन गेल्या होत्या. जाताना रडल्या म्हणे, माझ्यामुळं झालं म्हणून.

“रद्द झालं?” तिनं विचारलं.

“नाही. पाटी मराठीत आहे.”

ती हसली. खरंच हसली, खांदे हलेपर्यंत. मला मात्र राहवेना.

“इंदू, एक सांगतो. मी तो कागद वाचला नव्हता. तिथं काय चालणार, दिवा कसला, मी काहीच विचारलं नव्हतं. नुसती पाटी बघितली आणि सही ठोकली. दिवसाला चाळीस-चाळीस कागद असायचे.”

“मला माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“अहो, रविवारी गठ्ठे घरी आणायचात. मॅच ऐकत ऐकत सह्या करायचात. पानं कोण उलटून द्यायचं? मीच ना? एक तरी वाचलात का कधी?”

“मग माझी सही बघून बसलीस कशाला? तुला ठाऊक होतं तिला काही अर्थ नाही!”

ती बँडेजकडे बघत होती. म्हणाली, “डॉक्टर म्हणाले, काढायचं. तुम्ही म्हणालात, थांब. ऑफिसवाले म्हणाले, आमच्याकडे येत नाही. मला फक्त कुणीतरी ‘हो’ म्हणायला हवं होतं. आणि तिथं भिंतीवर तुमच्या अक्षरात ‘हो’ लिहिलेलं होतं. घरात कधी तुम्ही ते इतक्या पटकन म्हणाला होतात?”